पेशीपृष्ठावरील ग्राहींचे बलसंवेदन : पुराव्याच्या निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी वर्गात पेशीपृष्ठावरील ग्राही हा घटक शिकविताना फळ्यावर बहुधा कुलूप आणि किल्ली काढली जाते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये ही प्रतिमा विकर आणि त्याचे क्रियाद्रव्य यांच्या संबंधासाठी योजली होती. पुढे ती ग्राहींनाही लागू झाली. पॉल एर्लिक आणि जॉन लँगली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेली ग्राहीची संकल्पनाही विषे आणि औषधे यांच्या अभ्यासातूनच आली. परिणामी ‘विशिष्ट रेणू ओळखणारे प्रथिन’ हीच ग्राहीची व्याख्या रूढ झाली. परंतु रक्तवाहिनीच्या अस्तरावरून वाहणारे रक्त, ताणला जाणारा स्नायू, त्वचेला झालेला स्पर्श यांत पेशीला जाणवते ते बल होय. या बलाची जाणीव पेशीला कशी होते, या प्रश्नावर गेल्या चार दशकांत विपुल संशोधन झाले आहे. त्याचबरोबर ‘बलसंवेदक’ ही उपाधी अनेक प्रथिनांना काहीशा उदारपणे बहाल करण्यात आली, असेही दिसून येते. ही उपाधी कोणत्या पुराव्यावर द्यावी, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे ‘ग्राही’ ही संज्ञा आयनमार्गांचाही समावेश करून व्यापक अर्थाने वापरली आहे.

तीन निकष

एखादे प्रथिन बलसंवेदक आहे असे म्हणण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे आवश्यक ठरतात. पहिला आवश्यकतेचा : ते प्रथिन काढून घेतल्यास बलाला मिळणारा प्रतिसाद नाहीसा होतो काय? दुसरा पर्याप्ततेचा : प्रतिसाद न देणाऱ्या पेशीत ते घातल्यास प्रतिसाद निर्माण होतो काय? तिसरा प्रत्यक्षतेचा : बल त्याच प्रथिनाची रचना बदलते, की दुसऱ्या कोणी टिपलेला संदेश ते केवळ पुढे पोहोचविते? पहिल्या दोन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळूनही तिसरा अनुत्तरित राहू शकतो. बलसंवेदनाविषयीचे बहुतेक वाद नेमके येथेच उद्भवतात.

पिएझो : निकष पूर्ण करणारे उदाहरण

ताणामुळे उघडणारे आयनमार्ग असतात, हे गुहाराय आणि सॅक्स यांनी १९८४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील स्नायुपेशींवर दाखविले होते. तथापि सस्तन प्राण्यांत हे कार्य करणारे प्रथिन कोणते, हे पुढील पंचवीस वर्षे निश्चित होत नव्हते. अर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या चेतापेशींपासून बनविलेल्या एका पेशीवंशातील संशयित जनुके एकेक करून निष्क्रिय केली. यादीतील बहात्तराव्या जनुकावर आल्यानंतर पेशीचा प्रतिसाद थांबला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रथिन म्हणजे पिएझो-१ होय. ते इतर पेशींत घातल्यावर त्या पेशीही बलाला प्रतिसाद देऊ लागल्या. पुढे शुद्ध केलेले पिएझो-१ कृत्रिम लिपिड पटलात बसविले असता पटलावरील ताणाने ते उघडते, हेही दाखविण्यात आले. तीन पाती असलेली त्याची रचना पटलाला वाकविते. ताण आल्यावर ती सपाट होऊ लागते आणि मधला मार्ग उघडतो, असे आजचे आकलन आहे.

याच कुलातील पिएझो-२ चे महत्त्व मानवी रुग्णांतही दिसून आले. हे प्रथिन निकामी असलेल्या दोन रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना डोळे मिटल्यावर आपल्या अवयवांची स्थिती कळत नव्हती आणि कंपनांची जाणीवही नव्हती. २०२१ चे नोबेल पारितोषिक पटापूटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले.

याउलट उदाहरण टीआरपीसी-१ या आयनमार्गाचे आहे. बेडकाच्या अंडपेशींवरील प्रयोगांच्या आधारे २००५ मध्ये त्याला ताणसंवेदी ठरविण्यात आले. तथापि सस्तन प्राण्यांच्या पेशींत ते घातल्यावर ताणाने निर्माण होणाऱ्या प्रवाहात अपेक्षित वाढ आढळली नाही, असे २००८ मध्ये नोंदविले गेले. विशेष म्हणजे मूळ दावा करणारे काही संशोधक या दुसऱ्या निबंधाचेही सहलेखक होते. विज्ञानातील आत्मपरीक्षणाचे हे उदाहरण वर्गात पिएझोइतक्याच आवर्जून सांगितले पाहिजे.

इंटेग्रिन : संवेदक एक की साखळी?

पेशी ज्या ग्राहींच्या आधारे सभोवतालच्या तंतुजालाला धरून राहते, त्या इंटेग्रिनच्या बाबतीत तिसरा निकष अपुरा पडू लागतो. इंटेग्रिनचे आतील टोक टॅलिन या प्रथिनाला आणि टॅलिन पेशीतील अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेले असते. टॅलिनचा एकच रेणू ताणला असता त्याच्या घड्या उलगडतात आणि आत दडलेल्या जागांवर व्हिन्क्युलिन हे प्रथिन चिकटते, हे २००९ मध्ये दाखविण्यात आले. अर्थात बलाने रूप पालटते ते प्रामुख्याने टॅलिनचे. मग संवेदक कोणाला म्हणावे? इंटेग्रिन बल वाहून आणते, टॅलिन त्याचा रासायनिक संदेशात अनुवाद करते आणि अ‍ॅक्टिन-मायोसिन ते बल निर्माण करते. येथे संवेदन हा एका प्रथिनाचा गुण नसून साखळीचा गुण आहे.

मोजमापांचीही चिकित्सा हवी. एका इंटेग्रिनवर किती बल असते? पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. पेशी पृष्ठभागाला चिकटण्यासाठी सुमारे ४० पिकोन्यूटन बल लागते, असे ताणाने तुटणाऱ्या डीएनए-दोरांच्या साहाय्याने २०१३ मध्ये मांडण्यात आले. त्याच वर्षी प्रकाशमान रेणवीय ताणमापकांनी मात्र सुमारे १ ते ५ पिकोन्यूटन इतकेच बल दर्शविले. पहिली पद्धत बलाने गाठलेली कमाल पातळी टिपते, दुसरी सरासरीच्या जवळ जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी योग्य असू शकतात. मात्र पद्धतीचा उल्लेख न करता ते उद्धृत करणे दिशाभूल करणारे ठरते.

नॉच आणि टी-पेशी ग्राही

नॉच या ग्राहीत किल्ली असते, पण ती नुसती कुलपात बसून भागत नाही. शेजारची पेशी आपला लिगंड आत ओढून घेते. त्या ओढीने नॉचचा एक झाकलेला भाग उघडा पडतो, तेथे विकर छेद देते आणि अखेर नॉचचा आतील तुकडा केंद्रकाकडे जातो. द्रावणात मोकळा असलेला लिगंड सहसा नॉचला जागे करू शकत नाही, पृष्ठभागाला जखडलेला करू शकतो. ही गोष्ट बलाच्या भूमिकेची साक्ष देते.

टी-पेशी ग्राहीबाबत असे एकमत नाही. खऱ्या प्रतिजनाशी असलेला त्याचा बंध सुमारे १० पिकोन्यूटन बलाखाली अधिक काळ टिकतो, म्हणजे तो ‘कॅच बंध’ आहे, असे २०१४ मध्ये प्रतिपादन झाले. २०१९ मध्ये पेशीविरहित व्यवस्थेत केलेल्या मापनात मात्र असा अंगभूत कॅच बंध आढळला नाही. ग्राहीचे प्रकार आणि मापनपद्धती भिन्न असल्याने एका प्रयोगाने दुसरा खोटा ठरत नाही. परंतु ‘टी-पेशी बल ओळखते’ हे विधान पाठ्यपुस्तकात निर्विवाद सत्य म्हणून देणे घाईचे होईल.

निष्कर्ष

१. आवश्यकता आणि पर्याप्तता सिद्ध झाल्याने प्रथिन बलसंवेदनात सहभागी आहे एवढेच ठरते. संवेदक म्हणण्यासाठी प्रत्यक्षतेचा स्वतंत्र पुरावा लागतो.

२. जेथे प्रथिन एकटे काम करीत नाही, तेथे प्रत्यक्षतेचा निकष साखळीला लावावा. बलाने नेमका कोणता भाग बदलतो, किती बलाने बदलतो आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले, हे सांगणे आवश्यक मानावे.

३. कुलूप-किल्लीची प्रतिमा टाकून देण्याची गरज नाही, परंतु तिची मर्यादा शिकविली पाहिजे. किल्ली फिरविण्यासाठीही हाताचे बल लागते. आपल्या आकृत्यांत तो हात आजवर काढला जात नव्हता. बलसंवेदनाच्या क्षेत्रात औषधनिर्मितीच्या अपेक्षा वाढत असताना हे भान संशोधकाइतकेच शिक्षकालाही असणे अगत्याचे आहे.