मराठी भयाद्भुतातील भयाचे स्थान : ‘आजी’ ते ‘तुंबाड’

प्रस्तावना :

हिवाळ्याची रात्र आणि भयकथा यांचे नाते मराठी वाचकास नवे नाही. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली आणि पुढे अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ने गूढ व अद्भुत कथेला हक्काची जागा दिली. दिवाळीत घरी आलेला अंक कार्तिक-मार्गशीर्षाच्या लांबलेल्या रात्रींत पुरवून वाचला जाई. साक्री तालुक्यातील पिंपळनेर परिसरात मात्र याच रात्री आणखी एका कारणाने जाग्या असतात. मार्गशीर्षात कोकणा व भिल्ल समाजांत डोंगऱ्यादेवाचे व्रत चालते आणि पावरीचे सूर वाड्या-पाड्यांवरून ऐकू येतात. अशा प्रदेशात अदृश्य शक्ती ही केवळ पुस्तकातील कल्पना नसते. म्हणूनच येथील वाचकाच्या दृष्टीने भयकथा किती घाबरवते याहून, ती भयाचा दोष कोणावर ठेवते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सातपुड्याच्या पट्ट्यात स्त्रीला ‘डाकीण’ ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरविले. या पार्श्वभूमीवर मराठी भयाद्भुताचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धारप आणि मतकरी :

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथाविश्वात अमंगल बहुधा बाहेरून येते. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेल्या ‘लुचाई’त तेच दिसते. समर्थकथांमध्ये या शक्तीचा प्रतिकार करणारा अधिकारी पुरुषही आहे. संकट येते, त्याचे निवारण होते आणि घर पूर्ववत होते. या रचनेने वाचकाला भयाबरोबरच दिलासाही दिला, तिच्या लोकप्रियतेचे मर्म यातच आहे. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथेत असा दिलासा सहसा नसतो. तेथे भय ओळखीच्या घरात, नातेसंबंधांत आणि दडपलेल्या अपराधभावात वसते. धारपांचा वाचक दाराची कडी तपासतो, तर मतकरींचा वाचक स्वतःचे मन.

आजीचे रूपांतर :

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. त्याच्या आरंभीच्या भागाचे बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत असून ती कथाही किंग यांच्या ‘ग्रॅमा’वरून सुचलेली आहे. ‘ग्रॅमा’मध्ये एका मुलावर आजारी आजीजवळ एकटे राहण्याची वेळ येते. ती आजी चेटकीण असते; म्हणजे भयाचे मूळ वृद्ध स्त्रीच असते. ‘तुंबाड’मध्येही साखळदंडांनी जखडलेली, मरण नाकारले गेलेली वृद्धा आहे. परंतु ती मूळ अपराधी नाही. खजिन्याच्या हव्यासाने ग्रासलेल्या घराण्याची ती पहिली बळी आहे. तिच्याकडे पाहून घाबरलेला विनायक मोठेपणी तिच्याकडूनच खजिन्याची वाट विचारून घेतो, तेव्हा प्रेक्षकाचे भय आजीवरून नातवाकडे सरकते. डाकीण शोधणाऱ्या समाजाला हा बदल आरसा दाखवणारा आहे.

धान्य आणि सोने :

चित्रपटातील हस्तर या देवपुत्राला सोने मिळाले, अन्न मिळाले नाही. म्हणून विनायक पिठाची बाहुली दाखवून त्याच्याकडील मोहरा लुटतो. पश्चिम खानदेशातील वाचकाला येथे कणसरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. थाळीच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आदिवासी कथांमधील कणसरी ही धान्यदेवता आहे. या कथांत धान्य पूजेचा विषय आहे, तर ‘तुंबाड’मध्ये तेच धान्य लुटीचे आमिष होते. १९१८ ते १९४७ असा काळ निवडून दिग्दर्शकाने ही लूट एका सरंजामी घराण्याच्या ऱ्हासाशी जोडली आहे. अखेरीस मुलगा पांडुरंग बापाने देऊ केलेली संपत्ती नाकारतो. येथे सुटका कोणी मांत्रिक करीत नाही. ती नकारातून होते.

मर्यादा :

तथापि चित्रपटाची एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. आजी, आई व पत्नी या तिघींना हव्यासाची किंमत मोजावी लागते, परंतु त्यांची स्वतःची दृष्टी कथेला लाभत नाही. विकृत देहाची वृद्धा ही भीतीची प्रतिमा म्हणून आधी वापरली जाते आणि तिचे बळी असणे नंतर उलगडते. जो प्रेक्षक केवळ पहिली प्रतिमा मनात घेऊन घरी जाईल, त्याचा जुना समज कायम राहण्याचा धोका आहे.

निष्कर्ष :

भयाद्भुत अंधश्रद्धा वाढवते, हा सरसकट आक्षेप टिकणारा नाही. ती कथा भयाचे बोट कोणाकडे दाखवते, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. बाहेरच्या अमंगलाकडून घरातील अपराधभावाकडे आणि तेथून हव्यासाकडे झालेला मराठी भयाद्भुताचा हा प्रवास स्वागतार्ह आहे. पुढील टप्प्यावर मात्र ज्या स्त्रीला आजवर भयाचे रूप दिले गेले, तिनेच ती कथा सांगावी, अशी अपेक्षा करणे रास्त ठरेल.