भोपळ्यातला दिवा आणि भोपळ्यातली म्हातारी

बालवाङ्मयाची समीक्षा आपल्याकडे क्वचितच गांभीर्याने केली जाते. मुलांचे पुस्तक म्हणजे रंगीत चित्रे, मोठ्या टाइपातल्या चार ओळी आणि शेवटी एखादे तात्पर्य, एवढ्यावर आपण समाधान मानतो. वस्तुतः ज्या वयात मुलाला अक्षरओळखही नसते, त्याच वयात त्याला अंधाराचे भय वाटू लागते आणि घरातले एखादे माणूस एकाएकी दिसेनासे झाले की ते कोठे गेले, असा प्रश्न पडतो. अमेरिकेतील बालवर्गांत ऑक्टोबर महिन्यात जी पुस्तके वाचली जातात आणि जे उपक्रम घेतले जातात, त्यांचा विषय नेमका हाच आहे: भीती आणि मरण. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची नातवंडे आज त्या देशात शिकत आहेत. मुंबई-पुण्यातील काही इंग्रजी शिशुवर्गांतही हॅलोवीनचे मुखवटे येऊन पोहोचले आहेत. तेव्हा या साहित्याची परीक्षा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम नावाचा उलगडा करू. हॅलोवीन म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनालय अर्पण केले आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपात दूरवर पसरला. पुढे क्लुनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवून दिला. आयर्लंडमध्ये याच सुमारास हिवाळ्याच्या आरंभाचा साव्हिन हा प्राचीन उत्सव होत असे. त्याच्या कित्येक चालीरीती या संध्येला चिकटल्या. इंग्लंडमध्ये गोरगरीब या दिवसांत दारोदार जाऊन ‘सोल केक’ नावाची छोटी पोळी मागत आणि मोबदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. आयरिश व स्कॉटिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांना अधिक मोठा, कोरायला सोपा असा भोपळा मिळाला.

म्हणजे मुळात हा तीन दिवसांचा क्रम होता. पहिल्या रात्री अंधार आणि भय, दुसऱ्या दिवशी संतांचा आनंद, तिसऱ्या दिवशी आपल्या मृतांचे नामस्मरण. आज बाजारात उरली आहे ती केवळ पहिली रात्र. लहान मूल दारोदार जाऊन गोळ्या-चॉकलेटे मागते, पण त्या बदल्यात कोणासाठी प्रार्थना करायची असते, हे त्याला ठाऊक नसते.

बालवर्गातील उपक्रमांचे साधारणपणे दोन पंथ दिसतात. पहिल्यात मुले वेषांतर करून शाळेत मिरवतात, कागदाची वटवाघळे कापतात, कापसाचे कोळिष्टक चिकटवतात. दुसरा पंथ सावध शाळांचा. काही पालकांचा श्रद्धेपोटी हॅलोवीनला आक्षेप असतो, म्हणून तेथे केवळ पानगळ आणि सुगी साजरी होते: पानावर कागद ठेवून रंगखडूने शिरांचा ठसा घेणे, भोपळ्यातल्या बिया मोजणे, भोपळा पाण्यात तरंगतो की बुडतो हे पाहणे. हे उपक्रम निश्चितच चांगले आहेत. भोपळा एवढा जड असूनही आतल्या पोकळीमुळे तरंगतो, हे पाहताना मुलाच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य खरे असते. तथापि दोन्ही पंथांत एक उणीव समान आहे. पहिला पंथ भीती दाखवतो आणि तेथेच सोडून देतो. दुसरा भीतीला वर्गात येऊच देत नाही. पान लाल-पिवळे का झाले हे सांगितले जाते. हिरवे द्रव्य विरून गेले म्हणून झाकलेला पिवळा रंग दिसू लागला, हे चार वर्षांच्या मुलालाही समजावता येते. परंतु ते पान मरते आहे, हे वाक्य बहुधा कोणी उच्चारीत नाही.

मुखवट्याविषयी एक गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी जाणून घ्यावी. रीटा डेव्हरीज या अमेरिकी विदुषीने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचे एक गरीब मांजर दाखवले आणि मग त्याला उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवला. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना ते मांजरच आहे हे कळत होते. तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या लेखी मात्र ते खरोखरीच कुत्रा झाले होते. मोठ्यांना जी गंमत वाटते ती लहानग्याला स्थित्यंतर वाटते. म्हणूनच अंगावर धावून येणारा मुखवटा हा तीन वर्षांच्या मुलासाठी खेळ नव्हे.

हे मर्म ज्या चित्रकाराला उत्तम उमगले तो म्हणजे एड एम्बर्ली. त्याच्या ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ (१९९२) या पुस्तकाची पाने कापून भोके पाडलेली आहेत. एकेक पान उलटावे तसतसे आधी दोन पिवळे डोळे, मग नाक, लाल तोंड, दात, कान, केस असा अक्राळविक्राळ हिरवा चेहरा साकार होतो. पुस्तकाच्या मध्यावर तो पुरा होतो आणि मग मुलाच्या आज्ञेने एकेक अवयव नाहीसा होत जातो. मुखवटा मुलाच्या डोळ्यांदेखत घडतो आणि डोळ्यांदेखतच मोडतो. कलेच्या दृष्टीने हे पुस्तक निर्दोष आहे. तरीही त्याची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. येथील भीती मुलानेच निर्माण केलेली असल्यामुळे ती त्याची आज्ञा पाळते. जगातील सर्वच भये अशी आज्ञाधारक नसतात.

दुसरे पुस्तक लिंडा विल्यम्स यांचे. चित्रे मेगन लॉइड यांची. ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’ (१९८६) या लांबलचक नावाच्या कथेत एक वृद्धा रात्री रानातून घरी परतत असते. वाटेत तिला आपोआप चालणारे दोन बूट भेटतात, मग विजार, सदरा, हातमोजे, टोपी. प्रत्येकाचा निराळा आवाज, निराळी हालचाल. शेवटी भोपळ्याचे डोके समोर येते आणि आपण कशाला भीत नाही म्हणणारी म्हातारी धूम पळत सुटते. दार लावून घेते. दार वाजते. ती उठून ते उघडते आणि त्या गोळा झालेल्या भयाच्या कानात एक युक्ती सांगते. सकाळी तिच्या बागेत कावळ्यांना हाकलणारे बुजगावणे उभे असते. बालवर्गात ही कथा मुले पाय आपटून, टाळ्या वाजवून, माना डोलावून सादर करतात, आणि ते योग्यच आहे.

ही कथा वाचताना मराठी वाचकाला आपली भोपळ्यातली म्हातारी आठवल्यावाचून राहणार नाही. तीही रानातून निघते, तिलाही वाटेत वाघ अडवतो. लेकीकडे चार दिवस राहून धष्टपुष्ट होऊन येते, मग मला खा, असे सांगून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. दोन्हीकडे म्हातारी, रान, भोपळा आणि भय. पण भोपळ्याचे काम उलटे आहे. तिकडे भोपळा भिववतो, इकडे तो लपवतो. आपली म्हातारी चातुर्याने भयाला हुलकावणी देते. वाघ रानात तसाच भुकेला राहतो. अमेरिकी म्हातारी आधी पळते, मग दार उघडते आणि भयाला कामाला लावते. मला आपली म्हातारी अधिक लाडकी आहे, तिची भाषा अधिक नादमधुर आहे. परंतु त्या परक्या कथेत एक क्षण असा आहे जो आपल्या कथेत नाही. तो म्हणजे बंद दार पुन्हा उघडण्याचा. शिक्षिकेने पाय आपटण्याच्या भरात हा क्षण घाईने उरकला, तर सारी कथा नुसता गोंगाट होऊन बसते.

आता मरणाकडे वळू. जीन टिथरिंग्टन यांचे ‘पम्पकिन पम्पकिन’ (१९८६) हे रंगीत पेन्सिलींनी रेखाटलेले शांत पुस्तक आहे. जेमी नावाचा मुलगा बी पेरतो. अंकुर, वेल, फूल, फळ असा प्रवास होतो. तो भोपळा कोरतो आणि वसंतासाठी सहा बिया राखून ठेवतो. चित्रे अतिशय कोमल आहेत. पण कोरलेल्या भोपळ्याचे पुढे काय झाले, हे पुस्तक सांगत नाही. बियांकडे जाताना ते कुजण्यावरून अलगद उडी मारते.

ती उडी विल हबेल यांच्या ‘पम्पकिन जॅक’ (२०००) या पुस्तकाने टाळली. टिम आपल्या कोरलेल्या भोपळ्याला जॅक हे नाव देतो. सण सरल्यावर जॅकला बुरशी येऊ लागते, तेव्हा टिम त्याला बागेत नेऊन ठेवतो. पाने गळतात, बर्फ पडते, जॅकचा चेहरा खचत जातो, आणि वसंतात त्याच जागी कोंब फुटतो. कित्येक शिक्षिका या पुस्तकाबरोबर कोरलेला भोपळा काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवून आठवड्या-आठवड्याला मुलांकडून त्याचे चित्र काढून घेतात. मला विचाराल तर ऑक्टोबरमधील साऱ्या उपक्रमांत हा श्रेष्ठ. कुजणे येथे लपवलेले नाही आणि ओंगळही केलेले नाही. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने जे सांगितले ते ऐकण्यासाठी मुलाचा कान अशा निरीक्षणातूनच तयार होतो.

तरीही येथे थांबून चालणार नाही. मारिया नॉज या हंगेरियन विदुषीने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की पाच वर्षांखालील मुले मृत्यूला प्रवासासारखी किंवा झोपेसारखी गोष्ट समजतात. गेलेले माणूस परत येईल अशी त्यांची समजूत असते. अशा मुलाने जर जॅकची गोष्ट ऐकली आणि विचारले, की मग आजोबाही वसंतात उगवतील का, तर पुस्तकाजवळ उत्तर नाही. वेलीला येणारा भोपळा दुसरा असतो. जॅक परतत नाही. निसर्ग आपल्याला दाखला देतो, आशा देत नाही. आपली श्रद्धा बीजाच्या पुनरावृत्तीवर नव्हे, तर त्याच व्यक्तीच्या पुनरुत्थानावर उभी आहे. अमेरिकेतील सरकारी शाळेतील शिक्षिकेला हे सांगता येत नाही, कारण तेथे धर्मशिक्षण देण्यास कायद्याची मनाई आहे. तिने मुलाला कोंबापर्यंत आणून सोडले तरी तिचे काम झाले. पुढची वाट घराने आणि धर्मग्रामाने चालायची आहे.

आपल्या येथील शिशुवर्गांविषयी दोन शब्द. ऑक्टोबरात मुंबईच्या उकाड्यात मेपलची लाल कागदी पाने भिंतीवर चिकटवणे हा अनुकरणाचा कळस होय. त्या वेळी आपल्याकडे भाताची कापणी चालू असते. आपली पानगळ त्यानंतर काही महिन्यांनी येते. मुलांना भाताची लोंबी हाती द्यावी, आणि पाने खरोखरी गळतील तेव्हा ती वेचायला न्यावे. भोपळा मात्र आपलाही आहे. तो कोरावा, त्यात म्हातारी बसवावी, वाघाचे सोंग मुलांच्या डोळ्यांदेखत चढवावे आणि उतरवावे.

आणि २ नोव्हेंबरला मुलांना घरी ठेवू नये. आपल्या दफनभूमीत त्या दिवशी कबरी स्वच्छ केल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. तेथे मुखवटा नाही, मुलाला न ओळखता येणारे काही नाही. दगडावर आजोबांचे नाव आहे आणि शेजारी आईचा हात आहे. त्या हातात एक मेणबत्ती द्यावी आणि नाव मोठ्याने वाचून दाखवावे. मुलाने काही विचारले तर खरे उत्तर द्यावे.