रत्ने, अनुसूची आणि स्वायत्तता : केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या श्रेणीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
भारतातील केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांचे मोजमाप दोन स्वतंत्र पद्धतींनी केले जाते. पहिली पद्धत अनुसूचींची आहे. १९६० च्या दशकापासून उपक्रमांची अ, ब, क आणि ड अशा चार अनुसूचींत विभागणी होत आली आहे. दुसरी पद्धत 'रत्न' दर्जाची असून तिचा आरंभ १९९७ मध्ये झाला. या दोन्ही पद्धतींची सूत्रे सार्वजनिक उपक्रम विभागाकडे आहेत. हा विभाग २०२१ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयातून वित्त मंत्रालयाकडे आला. या श्रेणीकरणातून उपक्रमांना खरी स्वायत्तता मिळते काय, या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन शिड्या, दोन हेतू :
अनुसूची ही मुख्यतः पदांची शिडी आहे. उपक्रमाचे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक यांची वेतनश्रेणी तिच्यावरून ठरते. अनुसूची ठरविताना गुंतवणूक, विक्री, करपूर्व नफा, कर्मचारीसंख्या यांसारखे संख्यात्मक घटक पाहिले जातात. त्यांच्या जोडीला राष्ट्रीय महत्त्व, तंत्रज्ञानाची पातळी, समस्यांची गुंतागुंत हे गुणात्मक घटकही विचारात घेतले जातात.

रत्न दर्जा ही अधिकारांची शिडी आहे. सलग तीन वर्षे नफा, त्यांपैकी किमान एका वर्षी ३० कोटी रुपये वा अधिक करपूर्व नफा आणि धन निव्वळ मूल्य असेल, तर उपक्रम मिनीरत्नाच्या पहिल्या वर्गात बसतो. नवरत्न होण्यासाठी याच वर्गातील उपक्रम अनुसूची अ मध्ये असावा लागतो. शिवाय सामंजस्य करारातील मागील पाच वर्षांपैकी तीन वर्षांचे मूल्यांकन 'उत्कृष्ट' वा 'अतिशय चांगले' हवे आणि सहा निकषांवर १०० पैकी किमान ६० गुण हवेत. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महारत्नासाठी तीन वर्षांची सरासरी उलाढाल २५,००० कोटी, निव्वळ मूल्य १५,००० कोटी आणि करोत्तर नफा ५,००० कोटी रुपयांहून अधिक असणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी इंडियन ऑइल, एनटीपीसी, ओएनजीसी आणि सेल हे पहिले चार महारत्न घोषित झाले.

या दोन शिड्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक विसंगती लक्षात येते. अधिकाऱ्याचा हुद्दा ठरविताना राष्ट्रीय महत्त्वाला स्थान आहे. संचालक मंडळाचे अधिकार ठरविताना मात्र नफा आणि खर्च यांची गुणोत्तरेच निर्णायक ठरतात. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळासारख्या संस्थेचा हेतूच नफा नाही. ती या शिडीवर कधीच चढणार नाही. म्हणून तिला निर्णयस्वातंत्र्याची गरज कमी आहे, असे म्हणता येईल काय?

दर्जा आणि वास्तव :
१९९७ च्या जुलैमध्ये नऊ उपक्रमांना नवरत्न दर्जा मिळाला. जागतिक स्पर्धेत त्यांनी उतरावे, ही त्यामागील भूमिका होती. त्या नऊंपैकी विदेश संचार निगम आणि इंडियन पेट्रोकेमिकल्स यांचे नियंत्रण २००२ मध्येच खासगी हाती गेले. १९९७ च्या अखेरीस नवरत्न झालेले, मुंबई व दिल्लीत सेवा देणारे महानगर टेलिफोन निगम पुढे मोठ्या तोट्यात गेले. तरीही अनेक वर्षे ते नवरत्नांच्या यादीत राहिले. दर्जा देण्याची वाट स्पष्ट आहे, काढून घेण्याची वाट मात्र क्वचितच चालली जाते. त्यामुळे वर्गीकरणाचे साधन हळूहळू मानचिन्ह बनते.

याहून गंभीर मुद्दा अधिकारांच्या वापराचा आहे. नवरत्न उपक्रमाला भांडवली खर्चावर रकमेची मर्यादा नाही. परंतु हे वाढीव अधिकार वापरण्यापूर्वी संचालक मंडळावर किमान चार अशासकीय संचालक असावेत, अशी अट आहे. ही अट योग्यच आहे, कारण अधिकार वाढले की देखरेखही वाढली पाहिजे. तथापि या संचालकांची नेमणूक शासनच करते आणि अशी पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याची नोंद भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आढळते. म्हणजे शासन एका हाताने स्वायत्तता देते आणि नेमणूक लांबवून दुसऱ्या हाताने ती अडवून धरते.

मोठे निर्णय तर मालकाच्याच दारी होतात. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधील शासनाचे ५१.११ टक्के भागभांडवल ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतले. या विक्रीला मंत्रिमंडळाने २०१७ मध्येच मान्यता दिली होती. ही रक्कम शासनाच्या निर्गुंतवणूक उद्दिष्टात जमा झाली. खरेदीदार महारत्न असला, तरी व्यवहाराची दिशा मालकाच्या वित्तीय गरजेने ठरली, असे म्हणण्यास जागा आहे.

याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. रत्न योजनेपूर्वी लहानसहान गुंतवणुकीसाठीही मंत्रालयाकडे धाव घ्यावी लागे. तो विलंब या योजनेने निश्चितच कमी केला. पैसा जनतेचा असल्यामुळे शासनाने पूर्णतः अलिप्त राहावे, अशी अपेक्षाही कोणी करणार नाही.

निष्कर्ष :
श्रेणीकरण रद्द करणे हा यावरील उपाय नव्हे. दर्जाचा ठरावीक मुदतीने फेरविचार व्हावा आणि निकष न पाळणाऱ्या उपक्रमाचा दर्जा आपोआप खाली यावा. सार्वजनिक हेतूची पूर्तता गुणांकनात समाविष्ट करावी. स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीला कालमर्यादा असावी आणि ती चुकल्यास मंत्रालयाने संसदेला कारण द्यावे. उपक्रमांना गुण देणारे शासन स्वतः मालक म्हणून किती गुणांस पात्र आहे, हे तपासण्याची सोय आजच्या पद्धतीत नाही. तिची खरी उणीव तीच आहे.