दहा सोंगे आणि एक प्रेत

एकाच नटाने एकाच चित्रपटात अनेक भूमिका करायच्या, ही तमिळ चित्रसृष्टीची जुनी हौस आहे. १९६४ साली ए. पी. नागराजन यांच्या ‘नवरात्रि’त शिवाजी गणेशन यांनी नऊ भूमिका केल्या. त्याच कथेवरचा संजीवकुमार यांचा ‘नया दिन नई रात’ (१९७४) आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला असेल. २००८ साली के. एस. रविकुमार दिग्दर्शित ‘दशावतारम’ने ही संख्या दहावर नेली. दहाही भूमिकांत कमल हासन आणि लेखनही त्यांचेच. चित्रपट तुफान चालला. पण तो आज पुन्हा तपासायचा तो त्यातल्या विक्रमासाठी नव्हे. त्या दहा सोंगांत एक सोंग दलित कार्यकर्त्याचे आहे, म्हणून तपासायचा.

कथा वरवर मारधाडीची आहे. गोविंद नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेतून एका भयानक विषाणूच्या कुपीमागे भारतात येतो. कुपी एका वेडसर ब्राह्मण म्हातारीच्या हातून विष्णूच्या मूर्तीत जाऊन पडते. गोविंदच्या मागे अमेरिकन मारेकरी, त्याच्या मागे हेरखात्याचा तेलुगू अधिकारी, अशी पळापळ किनाऱ्यापर्यंत चालते. शेवटी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी येते आणि समुद्राच्या मिठाने विषाणू मरतो. शास्त्रज्ञ, म्हातारी, मारेकरी, अधिकारी, पंजाबी गायक, जपानी मल्ल, उंच मुसलमान तरुण, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, बाराव्या शतकातला वैष्णव आणि विन्सेंट पूवराघन हा दलित पुढारी, हे सारे एकच नट.

आधी श्रेय द्यायला हवे. दलित माणूस पडद्यावर यायचा तो बहुधा मालकाचा इमानी नोकर म्हणून, नाहीतर दयेचा विषय म्हणून. पूवराघन तसा नाही. तो नदीतली वाळू उपसणाऱ्या टोळीशी झुंजतो, आपल्या बोलीत ताठ बोलतो, कोणापुढे वाकत नाही. २००८ सालच्या धंदेवाईक चित्रपटात एवढे येणे ही लहान गोष्ट नव्हती. दहा भूमिकांत याच भूमिकेत सर्वांत जास्त जीव आहे, असे म्हटले तरी चालेल. पण जिथे लेखकाची सहानुभूती खरी असते, तिथेच तिची सीमा स्पष्ट दिसते.

पहिली सीमा नावातच आहे. पूवराघन म्हणजे भूवराह. वराहाने पृथ्वी पाण्यातून वर काढली, हा माणूस नदीची वाळू वाचवतो. योजना हुशारीची आहे, पण ती कोणाची? जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन हे अवतार एकेक करून तपासले आणि ही पुराणे म्हणजे जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास आहे, असे दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ईश्वराच्या अवतारकल्पनेला नकार आहे आणि बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याला तर स्वतंत्र नकार आहे. कारण सरळ आहे. जे पचत नाही त्याला अवतार करून गिळायचे, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. तिने एकदा बुद्धाला गिळले. इथे ती वाळूसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याला गिळू पाहते. त्याचा लढा हा लढा राहत नाही, तो विष्णुलीलेतला एक अंक होतो.

दुसरी सीमा मरणाची आहे. त्सुनामीत मुलांना वाचवताना पूवराघन मरतो. मग ती ब्राह्मण म्हातारी येते. आपला पूर्वीच गेलेला मुलगाच हा, असे समजून ती त्याच्या प्रेताला कवटाळून रडते. थिएटरात इथे डोळे पुसले गेले असतील. पण प्रसंग नीट पाहावा. ब्राह्मण आई दलिताला पोटाशी धरते, पण केव्हा? तो मेल्यावर, आणि तिचे भान सुटलेले असताना. तो पूवराघन आहे हे जाणून, त्याच्या नावाने ती रडत नाही. जात मोडायला इथे एक वेड आणि एक मरण लागते. शहाण्या आणि जिवंत माणसांत ती जशीच्या तशी राहते. शिवाय रडणारी कमल हासन आणि मेलेलाही कमल हासन. दोन जाती एकमेकींना शिवल्याच नाहीत, एक नट स्वतःलाच शिवला.

चित्रपट सुरू होतो चिदंबरममध्ये, बाराव्या शतकात. शैव राजा दुसरा कुलोत्तुंग गोविंदराजाची मूर्ती समुद्रात टाकतो आणि तिला बिलगलेला रंगराजन नंबीही तिच्याबरोबर बुडवला जातो. नंबीच्या देहात आकडे रुतवून त्याला टांगलेले दृश्य प्रेक्षक विसरत नाही. पण चिदंबरमशी दलितांचीही एक कथा जोडलेली आहे, ती नंदनाराची. देवळात जाण्यासाठी त्याला आगीतून जावे लागले आणि तो जानवे घातलेला मुनी होऊन बाहेर आला, असे ‘पेरियपुराणम’ सांगते. ते रचणारा शेक्किळार परंपरेने याच कुलोत्तुंगाच्या काळातला मानला जातो. बाबासाहेबांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. राजा तोच, गाव तेच. चित्रपटाला बुडवलेला वैष्णव आठवतो, जाळून शुद्ध केलेला दलित आठवत नाही. आणि आठशे वर्षांनी तो स्वतः तेच करतो. नंदनाराला आगीतून आत घेतले, पूवराघनला पाण्यातून घेतो.

जगातल्या घटना दूरवरून एकमेकींत गुंतलेल्या असतात, फुलपाखराच्या पंखांनी वादळ उठू शकते, असे चित्रपट आरंभीच सांगतो. हरकत नाही. पण मग बाराव्या शतकापर्यंत कशाला जायचे? तमिळनाडूत त्सुनामीचा सर्वांत मोठा तडाखा नागपट्टिनम जिल्ह्याला बसला. त्याच भूमीवर, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, किळवेणमणी गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीवाढीसाठी लढणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांनी हल्ला केला. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ दलित माणसे जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी होती. मुख्य आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. २५ डिसेंबर हा आपल्याकडे मनुस्मृतिदहनाचा दिवस आहे. लाट आली ती किळवेणमणीच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी. गुंतागुंत शोधणाऱ्या लेखकाला हा धागा हाताशी होता. त्याने मूर्तीचा धागा धरला.

त्सुनामीचे काय झाले हेही आपण विसरू नये. चित्रपटात ती आपत्ती म्हणजे ईश्वरी हिशेब ठरते, थोडे मेले म्हणून कोट्यवधी वाचले. ‘देव नाही असे मी म्हणत नाही, असता तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे नायकाचे शेवटचे बोलणे शहाणपणाचे वाटते, पण सगळी कथा त्याच्या विरुद्ध साक्ष देते. हे ‘थोडे’ म्हणजे एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसे होती. आणि लाट ओसरल्यावर जात ओसरली नाही. मदत छावण्यांत दलितांना वेगळे काढल्याच्या, पाण्याला शिवू न दिल्याच्या, वाटपातून वगळल्याच्या बातम्या २००५ च्या जानेवारीतच आल्या. कुजलेली प्रेते उचलायला बाहेरगावांहून सफाई कामगार आणले गेले, ते बहुतेक दलितच होते. पडद्यावर दलिताच्या प्रेतावर ब्राह्मण म्हातारी रडते. किनाऱ्यावर मात्र सगळ्या जातींची प्रेते दलितांनी खांद्यावर वाहिली आणि त्यांच्यासाठी कोणी रडले नाही. एका बाजूला ही वस्तुस्थिती, दुसऱ्या बाजूला ते दृश्य. कला आणि वास्तव यांत एवढी उलटापालट झाली, की तिला नुसते कल्पनास्वातंत्र्य म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, नटाने परकायाप्रवेश करायचाच असतो. दलिताची भूमिका दलितानेच करावी काय? असे आमचे म्हणणे नाही. दलित साहित्याच्या वादातही हाच परकायाप्रवेश आमच्यापुढे अनेकदा ठेवला गेला. प्रश्न प्रवेशाचा नाही, परतीच्या वाटेचा आहे. परमकुडीच्या अय्यंगार घरात जन्मलेला आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारा हा थोर नट अमेरिकन रंगभूषाकार मायकेल वेस्टमोर यांच्या हातून काळा रंग चढवतो, आणि काम संपले की तो रंग उतरतो. आपल्या गावात पोलिसाचे, तलाठ्याचे सोंग घेऊन दारोदार फिरणारा बहुरूपी आठवावा. वरच्याचा वेष तो पोटासाठी घालतो आणि वेष उतरला की त्याला गावाबाहेरच्या पालावर जावे लागते. एकाची दहा सोंगे विक्रम होतात, दुसऱ्याची भीक ठरतात. सोंग तेच, पण ते कोण घेतो आणि ते उतरल्यावर कुठे जातो, यावर त्याची किंमत ठरते.

२०१८ साली मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ आला. पा. रंजित त्याचे निर्माते. त्यातल्या दलित विद्यार्थ्याचा बाप लोकनाट्यात बाईचे सोंग घेऊन नाचणारा कलावंत आहे. सवर्ण पोरे त्याचे धोतर फेडून त्याला रस्त्यावर पळवतात. सोंगाची खरी किंमत काय पडते, ते त्या एका दृश्यात कळते. आणि पोरगा मरत नाही. तो मार खातो, उठतो, मुलीच्या बापासमोर उभा राहतो आणि सांगतो की तुम्ही आहात तसेच राहिलात तर काहीच बदलणार नाही. शेवटी टेबलावर चहाचे दोन पेले दिसतात.

तिथे कोणी कोणाचा अवतार नाही. दोन माणसे आहेत आणि त्यांच्यातले अंतर आहे. दहा सोंगांना जे दाखवता आले नाही, ते एका जिवंत माणसाने दाखवले. आम्हाला आमच्या प्रेतावर रडणारी आई नको आहे. जिवंतपणी समोर बसून चहा पिणारा माणूस हवा आहे.