नदीपासून दीडशे मीटर

पा मोकच्या विहारात शिरलं की मूर्ती एका नजरेत मावत नाही. बावीस मीटरांहून लांब असा हा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे आणि विहार त्याच्या अंगाला बेतून बांधल्यासारखा आहे. त्यामुळे मूर्ती उशापासून पायांपर्यंत चालत चालतच पाहावी लागते. आधी हातावर टेकलेलं मस्तक, मग खांद्याचा उतार, मग कमरेपासून पावलांपर्यंत गेलेली लांबच लांब शांत रेषा. त्या रेषेत कुठं गाठ नाही, कुठं घाई नाही. समोरच्या लहान मूर्तींवर भाविकांनी सोन्याचा वर्ख चिकटवलेला असतो. बोटांनी नीट न दाबलेल्या चौकोनांचे कोपरे पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत राहतात. मोठी मूर्ती मात्र अशी निवांत दिसते, जणू ती जन्मापासून इथंच आहे.

ती इथली नाही. तीनशे वर्षांपूर्वी तिला नदीच्या काठावरून ओढत इथवर आणलं गेलं. ते कळल्यावर तीच मूर्ती दुसऱ्यांदा पाहावीशी वाटते, आणि दुसऱ्या वेळी ती अधिक सुंदर दिसते.

पा मोक थायलंडच्या आंग थोंग प्रांतात आहे. हा प्रांत बँकॉकच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, तरी परदेशी प्रवासी सहसा अलीकडच्या अयुथ्येलाच उतरतात आणि तिथूनच मागं फिरतात. प्रांत लहान, हजार चौरस किलोमीटरही भरत नाही. चाओ फ्राया आणि नोई या दोन नद्या, त्यांच्यामधली भाताची खाचरं, आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. डोंगर नाही म्हणजे दगडाची खाण नाही, म्हणून इथले बुद्ध विटांचे आणि चुन्याचे. जमीनही नदीनंच आणून टाकलेल्या गाळाची. जिनं ती घातली ती कधीही परत मागू शकते, हे इथल्या प्रत्येक पिढीला ठाऊक आहे. २०११च्या महापुरात तिनं पुष्कळ काही मागून नेलं.

मराठी माणसाला पहुडलेला बुद्ध म्हटला की अजिंठ्याचं सव्विसावं लेणं आठवतं. सुमारे सात मीटरांची ती महापरिनिर्वाणाची मूर्ती, मिटलेले डोळे, खाली ओळीनं बसलेले शोकाकुल शिष्य. तो क्षण शेवटचा आहे आणि शिल्पकारानं तो तसाच कोरला आहे. पाचव्या शतकापासून ती हललेली नाही, हलूही शकत नाही, कारण ती कड्याचाच भाग आहे. खाली वाघूर वाहते, वर कातळ उभा. सियामी परंपरेतल्या पहुडलेल्या बुद्धांचे डोळे बहुधा उघडे असतात आणि भोवती शोक करणारं कुणी नसतं. हा विश्रांती घेणारा, ऐकणारा बुद्ध आहे. त्याच्याशी बोलता येतं असं लोक मानतात. पा मोकची मूर्ती तर स्वतःच बोलली अशी कथा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटकीच्या साथीत तिच्या छातीतून आवाज आला आणि तिनं औषध सांगितलं, असं इथं श्रद्धेनं सांगतात.

त्याहून जुनी कथा मला जास्त अर्थपूर्ण वाटते. ही मूर्ती म्हणे नदीतून तरंगत आली, विहारासमोर बुडाली आणि गावकऱ्यांनी पूजा बांधून तिला ओढून काठावर घेतलं. वीटचुन्याची मूर्ती तरंगेल कशी, हा प्रश्न इथं लावू नये. कथेला एवढंच सांगायचं आहे की मूर्ती नदीनं दिली आणि माणसांनी ओढून आपली केली. म्हणजे पुढं इतिहासात जे घडलं, त्याची तालीम लोकांनी कथेत आधीच करून ठेवली होती.

इतिहास असा. अयुथ्येच्या गादीवर थाय सा राजा होता. चाओ फ्राया काठ खात खात मूर्तीच्या जवळ आली आणि विहार पात्रात जाण्याची वेळ आली. फ्राया रात्चासोंगख्राम या सरदारानं मूर्ती आत सरकवता येईल असं सांगितलं. राजाचा धाकटा भाऊ युवराजपदावर होता, त्याला हे पटलं नाही. एवढी मोठी मूर्ती ओढताना भंगली तर केवढी नामुष्की, त्यापेक्षा नवी घडवावी, असा त्याचा सल्ला बखरीत नोंदला आहे. सरदारानं आपला जीव पणाला लावला आणि १७२६च्या सुमाराला काम सुरू झालं.

या प्रसंगात युवराजाची शंका मला फार मोलाची वाटते. सरदाराचं धाडस कुणालाही भावेल, पण शंका घेणाऱ्याला साहित्य कळत होतं. चुन्यात बांधलेली वीट वरून येणारा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलते, वाक मात्र तिला सोसत नाही. बसलेल्या मूर्तीचा भार सरळ खाली जातो. पहुडलेली मूर्ती म्हणजे बावीस मीटरांची आडवी भिंत. तिचं एक टोक चार बोटं वर उचललं गेलं, तर तडा मानेशी किंवा घोट्याशी जायचाच. जी लांब, अखंड रेषा पाहून आपण हरखतो, तीच या मूर्तीची सगळ्यांत दुबळी जागा. सौंदर्य आणि धोका इथं एकाच ठिकाणी आहेत. म्हणून नुसती मूर्ती उचलणं शक्यच नव्हतं. चौथऱ्याखाली लाकडं सारायची, खाली बसका गाडा आणायचा, वाट चोपून घट्ट करायची आणि सगळा भार एकाच पातळीवर ठेवून इंच इंच ओढायचा, एवढाच मार्ग होता. गाळाच्या जमिनीवर, दोरखंडांनी, माणसांच्या बळावर. नदीपासून दीडशे मीटरांहून थोडं अधिक अंतर त्या मूर्तीनं पहुडल्या पहुडल्या पार केलं आणि ती भंगली नाही.

पुढची गोष्ट मला या साऱ्या हकिगतीचा कळस वाटते. ज्या युवराजानं विरोध केला होता, त्याच्याच नावावर या स्थलांतराचं वर्णन करणारं काव्य आहे. खलोंग या जुन्या छंदात ते रचलं आहे. हाच युवराज १७३३ साली बोरोम्माकोट म्हणून राजा झाला. आपला अंदाज चुकला म्हणून गप्प बसण्याऐवजी त्यानं त्या कामाचं गौरवगान केलं. या मूर्तीच्या शांततेत मला ही उमदी वृत्तीही दिसते. मूर्तीची विश्रांती तिच्या एकटीची नाही. कुणी जीव पणाला लावला, कुणी शंका घेऊन सगळ्यांना सावध केलं, आणि ज्यांची नावं बखरीत नाहीत अशांनी दोर खांद्यावर घेतले, तेव्हा तिला असं निजता आलं. शांत रस म्हणजे अलिप्तता असं आपण सहज म्हणून जातो. पा मोकमध्ये मात्र तो रस घामातून पाझरलेला आहे.

याच जागी सोळाव्या शतकाच्या अखेरीस नरेसुआन राजानं ब्रह्मदेशाच्या युवराजाशी लढायला जाताना तळ टाकला होता. इथं त्याला स्वप्न पडलं, असं बखर सांगते: पश्चिमेकडून पुराचं पाणी रान बुडवत येतं आहे, त्यात तो चालत जातो आणि मगरीशी झुंजून तिला मारतो. ज्योतिषांनी पूर म्हणजे शत्रूची फौज असा अर्थ लावला. शत्रूला पुराचं रूप देणारं स्वप्न पडायला पा मोकसारखीच जागा हवी.

पा मोकची मूर्ती न भंगणं हे किती मोठं नशीब होतं, ते चायोला जाऊन कळतं. आंग थोंग शहराच्या उत्तरेला, त्याच नदीकाठी, सोमदेत तो या विख्यात भिक्षूंनी सियामचा राजा चौथा राम याच्या काळात उघड्यावर प्रचंड बैठी मूर्ती बांधली होती. पाचव्या रामाच्या काळात तिच्यावर विहार उभारायचं ठरलं. १८८७ साली पायाची धुम्मस चालू असताना जमीन हादरली आणि मूर्ती कोसळली. छप्पर द्यायला गेलेल्या हातांनीच ती ढासळली. आज तिथं आहे ती पुन्हा घडवलेली मूर्ती, बावीस मीटरांहून उंच. विहारात मान वर करून पाहताना तिची भव्यता दडपून टाकते, पण पा मोकची ओढ तिच्यात नाही. खुन इंथाप्रामून विहारातला पन्नास मीटरांचा पहुडलेला बुद्ध उघड्या आकाशाखाली आहे, भोवती पडक्या विहाराचे खांब. तो मला चायोपेक्षा जवळचा वाटतो. वाट मुआंग या विहारातली नव्वद मीटरांच्या वर गेलेली सोनेरी मूर्ती मात्र २००८ साली पुरी झालेली, काँक्रीटची. लोक रांगेनं येऊन तिच्या बोटाला हात लावतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे. रसग्रहणाला तिथं फारसं काही सापडत नाही.

त्यापेक्षा बांग सादेतला जावं. १९७५च्या पुरानंतर राणी सिरिकित इथं आल्या आणि पुढच्या वर्षी गावातल्या बायकांना मातीच्या बाहुल्या करायचं शिक्षण मिळू लागलं. ज्या पुरानं शेतं बुडवली, त्याच नदीकाठची चिकणमाती. बोटाएवढ्या बाहुल्या: वाद्यं वाजवणाऱ्या, खेळणाऱ्या, फळांच्या टोपल्या पुढं घेऊन बसलेल्या. एका बाहुलीच्या खांद्यावरचं उपरणं नखाएवढं होतं, आणि त्याची चुणी रंगाची नव्हती, मातीतच घडवलेली होती. भव्यतेनं थकलेल्या डोळ्यांना ती चुणी पुरे होते.

जवळच एक्कारात हे ढोलकऱ्यांचं गाव. पर्जन्यवृक्षाचं खोड पोखरून ढोलाचं खोडं होतं, त्यावर चामडं ताणून मढवतात. लांब ढोलाचा नाद जमवायला भात आणि राख मळून केलेला गोळा चामड्यावर थापतात, आपल्याकडे पखवाजाच्या धुम्याला कणीक लावतात तसाच. कारागीर थोडा गोळा काढतो, एक थाप मारतो, कान देतो, पुन्हा थोडा लावतो. मापाचं काही साधन नसतं.

दिवस लहान असेल आणि एकाच ठिकाणी जाता येत असेल तर पा मोक निवडावं. गाडी थेट विहाराच्या दारात न्यायला सांगू नये. आधी नदीच्या काठावर जावं, तिथून पाठ फिरवून विहाराकडे चालू लागावं. वाट दोन-तीन मिनिटांची आहे.