नाटकामागे काय उभे आहे?

नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात एक नवे दालन उघडले आहे. 'उपयोजित रंगभूमी', 'समुदाय रंगभूमी', 'शिक्षणातील नाट्य' अशी त्याची नावे. नाटक थिएटरातून बाहेर काढून वस्तीत, शाळेत, तुरुंगात न्यायचे. प्रेक्षकाला बोलते करायचे. नाटकातून शिकवायचे, असा त्याचा आशय. ब्रिटनमधील विद्यापीठांत या विषयाच्या स्वतंत्र एम.ए. पदव्या आहेत. आपल्याकडच्या नाट्यविभागांतही तो शिरला आहे. त्याचे स्वागत करावे की त्याच्याकडे संशयाने पाहावे? मी महाविद्यालयात शिकवतो आणि विद्यार्थ्यांची पथनाट्ये बसवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ तात्त्विक नाही.

या विषयाचा इतिहास कसा सांगितला जातो ते पाहा. १९६५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या बेलग्रेड थिएटरने शाळांसाठी नटशिक्षकांचे पथक सुरू केले; तेथून 'शिक्षणातील नाट्य' सुरू झाले. मग ब्राझीलचे पाउलो फ्रेरे आणि त्यांचे शोषितांचे शिक्षणशास्त्र. मग ऑगुस्तो बोआल आणि १९७४ चे त्यांचे 'शोषितांची रंगभूमी' हे पुस्तक. ही वंशावळ खोटी नाही. फ्रेरे आणि बोआल हे आपलेच लोक आहेत, असे मी मानतो. परंतु माझ्या वाचनात आलेल्या अभ्यासक्रमांत ही वंशावळ मुख्य पेपरात असते आणि जलसा मात्र 'लोककला' या पेपरात, गोंधळ आणि भारुडाच्या शेजारी, नमुना म्हणून ठेवलेला असतो. एकाला पद्धतीचा मान, दुसऱ्याला वस्तुसंग्रहालयातली जागा. ही विभागणी निरागस नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ च्या सांगलीतल्या 'सीता स्वयंवर'पासून मोजतो. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, त्याच्या बोलण्यात सापडलेले नवरा-बायको, त्यांच्याशी वाद घालणारा पाद्री आणि मधून मधून प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीतल्या भटांपुढे तिथल्या युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि ते नाकारले गेले, अशी नोंद त्यांनी स्वतःच 'गुलामगिरी'त केली आहे. पुढे सव्वाशे वर्षे ते छापलेही गेले नाही. १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक'मधून ते वाचकांसमोर आले. अज्ञान कसे लादले जाते, हे दाखवण्यासाठीच लिहिलेले हे नाटक शिक्षणातील नाट्याच्या अभ्यासात पहिल्या पानावर असायला हवे.

'आधी आम्ही केले' एवढे म्हणून थांबलो तर तो पोकळ अभिमान होईल. मला महत्त्वाचे वाटते ते या नाटकाचा शेवट. ते कुणबी जोडपे शेवटी जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. ही शाळा कल्पनेतली नव्हती. शेतकरी-मजुरांसाठी फुले दांपत्याने त्याच वर्षी ती काढली होती. म्हणजे हे नाटक बोध करून पडदा पाडत नाही. ते पत्ता सांगते. नाटक पाहणाऱ्याला पटले तर त्याच रात्री त्याला जाता येईल असे एक दार लेखकाने आधी उघडून ठेवले होते. नाटकामागे शाळा उभी होती.

आंबेडकरी जलशाचेही असेच. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात त्याचे स्वरूप नोंदवून ठेवले आहे. तमाशाची ओळखीची चौकट घेतली, पण तिच्यात काय भरायचे ते जलसाकारांनी ठरवले. मेलेल्या ढोरांचे मांस सोडा, पोरे शिकवा, महाडचे तळे, काळारामाचा दरवाजा, असे विषय वस्त्यावस्त्यांतून रात्रभर रंगत. मृत मांस सोडा असे गाणारा माणूस कोण होता? तोही त्याच समाजाचा. सोडल्यावर होणारा उपवास त्याच्याही घरात होता, गावाचा बहिष्कार त्याच्याही दारात होता. सांगणारा आणि ऐकणारा एकच किंमत मोजत होते. आणि ऐकणाऱ्याला सकाळी उठून जायला सभा होती, सत्याग्रह होता, वसतिगृह होते. जलशामागे चळवळ उभी होती.

आता बोआलांकडे येऊ. त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलेला एक प्रसंग आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्यांच्या नटमंडळींनी शेतकऱ्यांपुढे नाटक केले. जमिनीसाठी रक्त सांडा, असा त्याचा संदेश. नटांच्या हाती बंदुका. प्रयोगानंतर विर्जिलिओ नावाचा शेतकरी म्हणाला, चला, जमीनदाराशी लढायला. नट गडबडले, बंदुका नाटकातल्या आहेत म्हणाले. तो म्हणाला, काळजी नको, खऱ्या आम्ही देतो. तेव्हा नटांना कबूल करावे लागले की ते लढायला येणार नाहीत. सांडायचे रक्त शेतकऱ्यांचे, नटांचे नव्हे, हे विर्जिलिओने ओळखले. बोआल यातून शिकले. उपदेश करणारे नाटक त्यांनी सोडले आणि प्रेक्षकाने स्वतः उठून नाटकाचा मार्ग बदलायचा, ही रीत घडवली. तेवढ्यानेही भागले नाही. १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराच्या नगरसभेत सभासद असताना वस्त्यांतल्या नाट्यप्रयोगांतून आलेल्या मागण्या त्यांनी कायद्याच्या मसुद्यांत आणल्या. त्यांपैकी तेरा कायदे मंजूर झाले. म्हणजे बोआलांनाही शेवटी नाटकामागे काहीतरी उभे करावेच लागले. आपले अभ्यासक्रम मात्र बोआलांचे खेळ घेतात आणि विर्जिलिओला वगळतात.

हे मी दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः विर्जिलिओला भेटलो आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन एका खेड्यातल्या वस्तीत मुलींच्या शिक्षणावर पथनाट्य केले. डफ चांगला वाजला, टाळ्या मिळाल्या, फोटो निघाले. मग एक बाई उठली. "सर, पोरीला शाळंत धाडावं ह्ये आमाला बी कळतंय. सातवीच्या म्होरं शाळा हाय कुठं? सहा मैलांवर. गाडी फाट्यावर थांबत न्हाई. ह्ये नाटक आमच्याम्होरं कशाला? डेपोत जाऊन करा की!" मी घरातला पहिला पदवीधर. माझी आईही तिच्याच शेजारी बसली असती. तरी नाटक लिहिताना मी तिला अडाणी धरले होते. मला शिकवले गेले होते की समुदायाला जागे करायचे असते. समुदाय जागाच होता. गाडी थांबत नव्हती.

पुढे आम्ही त्या बायांसोबत डेपोत गेलो आणि आवारातच नाटक केले. या वेळी संवाद त्यांनी सांगितले, विद्यार्थ्यांनी म्हटले. गाडी थांबू लागली, असे लिहायला मला आवडले असते. सकाळची एक फेरी थांबते, संध्याकाळची नाही. म्हणून काम अजून चालू आहे. पहिल्या प्रयोगाला विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. दुसऱ्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

अभ्यासक्रम नकोत असे माझे म्हणणे नाही. आपल्या मुलामुलींनी या पदव्या जरूर घ्याव्यात. तेथे आपण नसलो तर आपल्या वस्त्या दुसऱ्यांच्या प्रबंधांचा कच्चा माल होतील. पण काही मागण्या करू या. जलसा लोककलेच्या पेपरातून काढून शिक्षणपद्धतीच्या पेपरात आणा. जुन्या जलसाकारांना एका दिवसाचे पाहुणे म्हणून शालश्रीफळ न देता मानधनावर शिक्षक म्हणून नेमा. आणि प्रत्येक प्रयोगाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करा: पडदा पडल्यावर प्रेक्षकाने कुठे जायचे?

हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. चौदा एप्रिलला आपल्या मंचावर गाणी होतात, नाटके होतात, डोळे पाणावतात. त्या मंचामागे अभ्यासिका आहे का? वर्षभर उघडे राहणारे एक दार तरी आहे का? नसेल, तर आपणही टाळ्या घेऊन परतणाऱ्या नटांतच जमा आहोत.