पेशवाई लुक आणि इरकलीचं कपाळ

बेळगावची शिवजयंती तिथीने, अक्षय्य तृतीयेच्या आसपास येते. तिची चित्ररथ मिरवणूक रात्री निघते आणि उजाडेपर्यंत चालते. या मिरवणुकीला शतकभराची परंपरा सांगितली जाते. त्या दिवशी दुपारपासूनच गल्लीगल्लीत रंगपट मांडला जातो. कुणाच्या ओठावर क्रेपच्या मिशा चिकटवल्या जातात, कुणाच्या गालावर तलवारीचा वार रंगवला जातो, आणि कॉलेजात जाणारा पोरगा तासाभरात तानाजी होऊन ट्रॉलीवर चढतो. देखावा सजीव असल्याने तीच पोझ धरून त्याला तासन्‌तास उभं राहायचं असतं, तेही उन्हाळ्यातल्या घामात आणि डोळे दिपवणाऱ्या दिव्यांच्या झोतात.

ऐतिहासिक चेहरा रंगवण्याची या भागातली खरी परीक्षा इथे होते आणि रंगभूषाकार तीत बऱ्यापैकी उतरतात. चेहरा वीस-पंचवीस फुटांवरून ओळखू यायला हवा, म्हणून भुवया जाड, नाकाच्या कडेला गडद छटा आणि दाढीची रेषा धारदार. ब्रिटिश म्युझियममधल्या दख्खनी शैलीच्या चित्रातही महाराजांचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि लक्षात राहते ती टोकदार दाढीच. गल्लीतल्या कलाकाराने ते चित्र पाहिलेलं असो वा नसो, ठेवायचं काय आणि सोडायचं काय हे त्याला नेमकं कळतं.

लग्नाच्या हॉलमधल्या ‘ऐतिहासिक लुक’बद्दल असं म्हणवत नाही.

बेळगाव असो की निपाणी, ब्युटी पार्लरच्या फलकावर आज ‘पेशवाई लुक’ हमखास असतो. त्याचा साचा ठरलेला: एअरब्रशने दोन छटा उजळवलेला रंग, पंखासारखं टोक काढलेलं आयलायनर, कपाळावर कोरीव चंद्रकोर, मोत्यांची नथ आणि फिकट गुलाबी ओठ. ही पेशवाई शनिवारवाड्यातून आलेली नाही. ती 2015च्या ‘बाजीराव मस्तानी’तून आली. त्याआधी 2014मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ मालिकेने म्हाळसा आणि बानूचे दागिने बाजारात आणले होते, आणि 2025च्या ‘छावा’नंतर येसूबाईंच्या पेहरावाची त्यात भर पडली. पडद्यावरून वेशभूषा उचलण्यात गैर काही नाही, मराठी बायकांनी ते फार पूर्वीपासून केलं आहे. बालगंधर्वांचा अंबाडा, गजरा, साडीचा काठ पाहून घरंदाज स्त्रिया आपला साज ठरवत. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाईने कसं दिसावं, याचा वस्तुपाठ एका पुरुषाने दिला, आणि बायकांनी तो आवडीने गिरवला.

त्या रंगभूमीचं एक मूळ याच मातीतलं आहे. ‘शाकुंतल’ 1880मध्ये रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि बालगंधर्व पुढे त्यांच्याच मंडळीत उमेदवारी करून मोठे झाले. जुन्या कंपन्यांच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळी असा सरंजाम असे. किटसनच्या बत्तीच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत चेहरा पोचायचा, तर सफेद्याचा थर लागायचाच. आता दिवे एलईडीचे आहेत आणि कॅमेरा हातभर अंतरावर. थर मात्र तसाच राहिला, म्हणून नवरीचा चेहरा फोटोत राखेसारखा दिसतो आणि मान वेगळ्याच रंगाची. (हिंगूळ पाऱ्याचा आणि जुना सफेदा बऱ्याचदा शिशाचा असे. ते गेले हे बरंच झालं.)

जुना काळ आजच्या चेहऱ्यावर कसा बसवावा, हे पाहायचं तर 2011चा ‘बालगंधर्व’ पाहावा. रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांना ज्या कामांसाठी त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांत हा चित्रपट होता. बालगंधर्व झालेल्या सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातला पुरुष त्यांनी पुसून टाकला नाही, स्त्रीपण त्याच्या शेजारी आणून ठेवलं. गायकवाड 2025मध्ये गेले. त्यांच्या कामाची उजळणी पार्लरच्या कोर्समध्ये व्हायला हवी. शिकवली जाते ती मात्र बहुधा चंद्रकोरीची स्टेन्सिल.

सगळ्यात नवल याचं, की या सीमाभागाचा स्वतःचा ऐतिहासिक चेहरा अजून जिवंत आहे आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. निपाणीच्या बाजारात इरकल नेसलेली म्हातारी बसते. तिच्या कपाळावर मेणाचं बोट फिरवून वर टेकलेलं ठसठशीत कुंकू, भुवयांमध्ये नि हनुवटीवर गोंदणाचे हिरवट ठिपके. मराठीत गोंदण, कानडीत हच्चे, ठिपका तोच. दात काळसर, कारण तंबाखूच्या या गावात मशेरीची सवय जुनी. दातवण लावून दात काळे करणं हे एके काळी सवाष्णीचं लेणं होतं, पण पेशवाई लुकमध्ये दात पांढरेशुभ्रच लागतात. तंबाखूचं व्यसन परत आणा असं कुणीच म्हणणार नाही. पण इतिहासातून काय गाळलं जातं, ते यावरून कळतं: जे गरीब, सावळं आणि गावठी दिसेल ते.

खरं तर आजच्या नवरीसाठी याच कपाळावरून सुरुवात करता येईल. इरकलीचा डाळिंबी पदर आणि गुळेदगुड्ड्याचा खण सावळ्या रंगावर खुलतो, तेव्हा त्वचा उजळवायची गरजच नाही, फक्त एकसारखी करायची. पंखाचं टोक सोडून काजळ पापणीच्या आतून भरायचं. कुंकवासाठी टिकलीऐवजी मेण आणि पिंजर. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून केलेल्या जुन्या कुंकवाचा लाल, रासायनिक रंगापेक्षा थोडा मातकट असतो आणि कॅमेऱ्यात तो भडकत नाही. ओठ विड्याने रंगल्यासारखे, आतून गडद आणि कडेला विरत गेलेले. कोरियन मालिका बघणाऱ्या मुली नेमके असेच ओठ मोबाइलवर बघून रंगवायला शिकतात. काताचुन्याने तेच काम आजीच्या ओठांवर केलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गोंदणाचे ठिपके पेन्सिलने काढले तर संध्याकाळी पुसता येतात. हनुवटीवर एक, भुवयांमध्ये एक. बऱ्याच नवऱ्या यालाच नकार देतील, आणि लग्नातल्या आत्याबाई तर आधी देतील, कारण त्यांनी स्वतःच्या आईचे ते ठिपके फोटोतून काढून घेतलेले असतात.